वच्छलाचा गुंतवळ

वच्छला,

तू माझ्याकडे शेवटी एकच गोष्ट मागितलीस, आणि ती मी दिली नाही. सुरुवात तिथूनच करते. तू गेलीस त्या सकाळी, दोन तासांच्या आत, तुझ्या केसांत अर्धी बाटली तेल ओतलं, बारीक दातांचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत ओढला, मधोमध भांग पाडला आणि दोन्हीकडून केस चापूनचोपून बसवले. हे सगळं मी केलं. माझ्या हातानं. तुझा चेहरा तोच होता, पण बाई कोणी वेगळीच दिसत होती.

तेल तुझ्या सुनेच्या कपाटातलं होतं. हिरवट, मोगऱ्याच्या वासाचं. तुझ्या अंगाला हॉस्पिटलच्या फिनेलचा वास अजून होता, उशाशी अगरबत्त्यांचा जुडगा जळत होता, आणि त्यात हा मोगरा. तेल केसांत जाईना. ते नेहमीसारखं वरच थांबलं, मग कानामागून ओघळलं, मानेखाली उतरलं आणि नव्या पांढऱ्या साडीच्या पदरावर त्याचा डाग पडला. मी पदराची घडी बदलली आणि डाग आत घेतला. मी नीटनेटकी बाई आहे ना.

चौथ्या दिवशी मैत्रेयीचा फोन आला. तुझ्या भावाची नात, माझीही, कॅनडात शिकणारी, आणि डोक्यावर तुझेच केस घेऊन जन्मलेली. ती रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "आजी, आत्याआजीचे केस शेवटी कसे होते? कुणी विंचरले नाहीत ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "होते तसेच होते. छान दिसत होती."

ज्या तोंडानं तीस वर्षं वर्गात खऱ्याचे धडे दिले त्याच तोंडानं हे बोलले, आणि फोन ठेवून भाजी चिरायला घेतली. याची मला त्या तेलापेक्षा जास्त किळस आली.

म्हणून हे लिहिते आहे. लिहिते तुला, पण वाचणार आहेत मैत्रेयी आणि तिचा भाऊ सुजात. मराठी त्यांना हळूहळू वाचता येतं, कारण दर रविवारी फोनवर मी ते वाचून घेते. तेव्हा लिहीन ते सोपं लिहीन. आणि खरं.

*

मी वसमतजवळच्या आपल्या गावात सून म्हणून आले तेव्हा तू दहा-अकरा वर्षांची होतीस. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, दोन साड्या आणि एक पेटी पुस्तकं घेऊन आलेली. तुझ्या आईच्या, आत्याबाईंच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तुला माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, आता या पोरीचं डोस्कं तुमच्या सवाधीन. मला दिसत न्हाई आन् ती बसत न्हाई."

मी तुझं डोकं बघितलं आणि खरं सांगते, मला शिसारी आली. लहान लहान स्प्रिंगांसारखे केस, एकमेकांत घुसलेले, चारी दिशांना उभे, त्यांत कापसाचे धागे आणि वाळकी पानं. माझ्या माहेरी केस म्हणजे खाली पडणारी सरळ गोष्ट. हे केस कोरडे दिसत होते, म्हणून माझं निदान झालं: यांना तेल हवंय. मी तालुक्याहून खोबरेलाचा डबा मागवला.

रोज सकाळी शाळेआधी तुला पाटावर बसवायचं. तळहातात तेल, मग बारीक कंगवा, मग दोन वेण्या, लाल रिबिनी. तू ओरडायचीस.

"वहिनी, काहून वढून राहिल्या वो? डोस्कं दुखून राहिलं माझं!"

"नीट बस. किती हा गुंता! तेल पीत कसे नाहीत तुझे केस?"

"त्याह्यला तहान न्हाई लागली आसंल."

"आगाऊपणा नको."

तू हसायचीस आणि मी कंगवा जोरात ओढायची.

तेल पीत नाहीत म्हणून मी आणखी घालायची. हिवाळ्यात डब्यातलं तेल थिजायचं, तर पांढरं थिजलेलं तेल चमच्यानं काढून तसंच चोळायची. गरम पाण्यानं केस गळतात, असं मी एका मासिकात वाचलं होतं. म्हणून आठवड्यातून एकदा, थंड पाण्यानं डोकं धुवायचं, असा मी नियम केला. थंड पाणी तुझ्या डोक्यावरून अळूच्या पानावरून घरंगळावं तसं जायचं, खालचे केस कोरडेच राहायचे. आणि जे भिजायचे ते वाळायचे नाहीत. दुपार व्हायची, तरी आत ओले. "वाळेपर्यंत कोण बसणार?" म्हणून मी ते तसेच बांधून टाकायची.

शेतातली माती, कापसाचे तंतू, चुलीची राख, सगळं त्या तेलाला चिकटायचं. उशीला वास यायचा. खवट, जुन्या पणतीसारखा. मी तुझी उशी माझ्या पांघरुणांपासून वेगळी ठेवायला सांगितली होती, आठवतं? तू उशी उचललीस आणि दाराजवळ नेऊन ठेवलीस.

मग तो दिवस आला. शेजारच्या गयाबाई ताक मागायला आल्या होत्या. तू पाठमोरी बसली होतीस. त्यांनी तुझ्या मानेवरच्या वेणीखाली बोट घातलं आणि हात झटकन मागे घेतला.

"आगं माय! लेकराला जट आली की वो!"

मैत्रेयी, सुजात, तुम्हाला हे माहीत नसेल. जट म्हणजे केसांचा सुटता सुटत नाही असा गठ्ठा. आपल्याकडे मानत, काही घरांत अजून मानतात, की ती देवीनं धाडलेली असते. कापली तर कोप होतो. आणि ज्या मुलीला जट आली ती मुलगी देवीची. तिला मग शाळा नाही, घर नाही. गळ्यात परडी आणि दारोदार जोगवा.

आपल्या घरातले देव सासऱ्यांनी कधीच नदीत सोडले होते. भिंतीवर फोटो होते ते दोनच, आणि ते कुणाचे ते तुम्हाला सांगायला नको. पण भीती काही नदीत सोडता येत नाही. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. गयाबाई निघून गेल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "पोरीला सपनं पडून राहिली म्हन्ते आठ दिसापासून." आणि पदराखाली हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाच ठाऊक.

मी आत गेले आणि कात्री आणली.

वच्छला, तू माझे दोन्ही हात धरलेस. "वहिनी, नका कापू. उकलंल ते. ऊन पान्यानं उकलंल, मी उकलते. मला एक दिस द्या." मी तुला एक दिवस दिला नाही. मी कानाच्या वरून कापलं. तो गठ्ठा हातात आला तेव्हा तो ओलसर, जड होता, आणि त्याला असा वास आला की मला अंगणात जाऊन ओकारी काढावी लागली. नंतर मी तो चुलीत टाकला. सगळं घर त्या वासानं भरलं.

संध्याकाळी सासरे शेतातून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "शाब्बास सूनबाई. माझ्या घरात शिकलेली सून आली, तिचं सार्थक झालं." पुढे त्यांनी ही गोष्ट किती सभांत सांगितली! मग मी सांगू लागले. हिंगोलीला शाळेत लागल्यावर दरवर्षी नव्या वर्गाला सांगितली. मुलाला सांगितली. तुम्हा नातवंडांना तर इंग्रजीत सांगितली, झोपताना ऐकायची गोष्ट म्हणून. शिकलेल्या आजीनं कात्रीच्या एका फटक्यात अंधश्रद्धा कशी कापली.

प्रत्येक वेळी तू तिथे असलीस तर गप्प बसून ऐकायचीस. एकदाच, माझ्या निवृत्तीच्या जेवणात, पाहुण्यांसमोर सांगून झाल्यावर तू माझ्या कानाशी म्हणालीस, "वहिनी, ते त्यालच व्हतं."

"काय?"

"जट न्हवती वो ती. तुमचं त्याल व्हतं."

मी म्हटलं, "गप्प बस. वाढायला घे."

*

केस परत आले तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस आणि माझ्या हाताखाली डोकं द्यायला तू साफ नकार दिलास. आपल्या घरात वहिनीला 'न्हाई' म्हणणारी तू पहिली. हळदीचा हंगाम होता. शेतात मोठ्या कढईत हळद शिजत होती, वर गोणपाट झाकलेलं. सासऱ्यांनी गोणपाट उचललं की पांढरी वाफ वर जायची आणि तू पळत जाऊन त्या वाफेत डोकं घालायचीस. मी बांधावरून ओरडले, "भाजशील! येडी आहेस का?" तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या केसांवर दंव पडल्यासारखे थेंब होते. तू बोटाला दोनच थेंब तेल घेतलंस, तळहातांवर चोळलंस आणि केस मुठीत धरून वर दाबलेस.

"बघा वहिनी. आज पेलं केसानं."

मी बघितलं नाही. मला तुझ्या अंगाला येणारा कच्च्या हळदीचा वास असह्य झाला होता आणि तुझ्या कॉलरवर पिवळे डाग पडले होते. ते मी मोजले: सात.

तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू बघून बघून शिकलीस. वाफ लागली की केस ऐकतात, ओले असतानाच हात लावायचा, कोरडे असताना शिवायचंही नाही. गुंता सोडवायचा तो बोटांनी, टोकाकडून वर. तेल दोन थेंब, करडईचं, खोबरेल नको. आठ-पंधरा दिवसांनी रिठ्याच्या कोमट पाण्यानं साचलेलं सगळं काढून टाकायचं. साखरा गावी तुझं लग्न झालं तेव्हा हळदीची कढई सुटली, तर तू पंचा गरम पाण्यात पिळून डोक्याला गुंडाळू लागलीस. माहेरी आलीस की माझे पांढरे पंचे घ्यायचीस. त्यांवर राहिलेला एकेक वळलेला केस मी चिमटीत धरून, तोंड वाकडं करून, उंबऱ्याबाहेर टाकायची.

आणि ते जवस! आठवून मला अजून कसंतरी होतं. तू पातेल्यात जवस उकळायचीस, पाण्याला तार आली की फडक्यातून पिळायचीस. फडक्याखाली लोंबणारी ती पारदर्शक, चिकट धार. मी स्वयंपाकघराच्या दारात नाकाला पदर लावून उभी.

"वच्छे, शेंबूड दिसतो तो. माझ्या पातेल्यात नको."

"चटनी करता तवा बरं चालते जवस."

"चटणी आपण खातो. डोक्याला नाही फासत."

"मंग खाऊन बघा थोडं, डोस्क्यात उजेड पडंल!"

मी ते पातेलं चिंचेनं घासलं. दोनदा. आणि मैत्रेयी, तू पहिल्या वर्षी तिकडून व्हिडिओ कॉलवर मला मोठ्या कौतुकानं बाटली दाखवलीस, केसांना लावायची, परदेशी, सुंदर लेबलाची. मी चष्मा लावून लेबल वाचलं. जवसच होतं.

*

वच्छला, मी तुला सुधारायचे प्रयत्न सोडले नाहीत हे मला इथे लिहिलंच पाहिजे. एकदा कच्चं अंडं फेटून लावलं तुझ्या डोक्याला, तुझ्या बाळंतपणात, तू उठू शकत नव्हतीस तेव्हा. केस काड्यांसारखे ताठ झाले आणि दोन दिवस बाळंतिणीच्या खोलीत कुजका वास होता. आणि माझ्या मुलाच्या लग्नाच्या वेळी तुला हिंगोलीत पार्लरला नेलं. केस सरळ करायचे. फोटोत सगळे नीट दिसायला हवेत, असं मी म्हणाले होते. त्या मुलीनं तुझ्या डोक्याला काय लावलं देव जाणे. डोळ्यांत पाणी येईल असा उग्र, सडलेल्या अंड्यासारखा दर्प. तीन तास झाले. औषध आत शिरेचना. तिनं पुन्हा लावलं. कानामागे तुझी कातडी लाल झाली. शेवटी तिनं हात टेकले.

तू आरशात बघून हसत सुटलीस. "वहिनी, लई हुशार हायेत माझे केस. बोलावल्याबिगर कोन्हालाच आत येऊ देत न्हाईत."

लग्नाच्या फोटोत तू मागच्या रांगेत आहेस. तिथे मीच तुला उभं केलं.

हा आपला वाद कधी संपला नाही. मी म्हणायची, "नीटनेटकं राहायला काय जातं?" तू म्हणायचीस, "हे नीटच हाय." मी शाळेत वेण्या न घालता आलेल्या मुलींना प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढायची, ते ऐकून तू एकदा दोन महिने माझ्याशी बोलली नव्हतीस. त्यांतली एक मुलगी तुझ्यासारख्या केसांची होती. रडून तिची रिबीन सुटली होती आणि मी तिला ती पुन्हा बांधायला लावली होती. मी कधी तुला सांगितलं नाही की ती मुलगी मला आठवते.

*

आता गेल्या वर्षीचं. तू हिंगोलीत मुलाकडे राहायला आली होतीस, दर रविवारी माझ्याकडे यायचीस. फोनवर मैत्रेयी होती. ती म्हणाली, "आत्याआजी, आपल्या दोघींचे केस लो पोरॉसिटी आहेत." तू म्हणालीस, "म्हन्जे रोग हाय का?" ती खूप हसली. मग तिनं समजावून सांगितलं. केसावर बारीक खवले असतात, घराच्या कौलांसारखे. कुणाचे सैल, कुणाचे उघडे. आपली कौलं घट्ट बसलेली. पाणी लवकर आत जात नाही, आत गेलेलं लवकर बाहेर येत नाही. ऊब दिली की कौलं जराशी उचलतात. तेव्हाच काय द्यायचं ते द्यायचं, आणि थोडं. अंड्याबिंड्यानं असे केस बरेचदा ताठ होतात.

तिनं एक गंमत करायला सांगितली. धुतलेला एक केस पाण्याच्या पेल्यात टाका. तू टाकलास. तो वरच तरंगत राहिला, लहानशा कंसासारखा. तू टिचकी मारलीस तरी बुडेना.

"डुबतच न्हाई वो!" तू टाळी वाजवलीस.

मैत्रेयी म्हणाली की ही परीक्षा काही पक्की नसते, पण आत्याआजीचं बघून मात्र पटतं. मी बघत होते तो पेला. माझा, रोजच्या पाण्याचा. नंतर मी तो तीनदा घासला.

मग तिनं पुढचं वाक्य अगदी सहज म्हटलं. "म्हणून अशा केसांना जड तेल रोज लावलं ना, की ते आत जातच नाही. वर थर साचतो, धूळ चिकटते आणि केसांचे गठ्ठे होतात. थंड पाण्यानं ते निघतही नाही."

तू माझ्याकडे बघितलंस.

ती नजर मला विसरता येत नाही, कारण तिच्यात जिंकल्याचा भाव नव्हता. तू फक्त वाट बघत होतीस. साठीतली बाई, पण बघणं त्या पाटावरच्या मुलीचं. मी एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. मी म्हणाले, "चहा टाकते," आणि आत गेले. गॅससमोर उभी राहिले. ती जट देवीनं धाडली नव्हती, मी घडवली होती. रोज सकाळी, स्वतःच्या हातानं, चमच्यानं. आणि मग तीच कापून शाब्बासकी घेतली होती, पन्नास वर्षं. चहा उतू गेला. मी शेगडी पुसली आणि ताज्या चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले. तोवर तुम्ही दोघी दुसरंच काही बोलत होतात.

त्याच दिवशी जाताना तू पायरीवर थांबलीस.

"वहिनी, एक मागते. मी मेल्यावर माझ्या डोस्क्याला त्याल लावू देऊ नका. आन् इंचरू तर आजिबात नका. ऊन पानी घाला आन् आसतील तसे राहू द्या."

"काय अभद्र बोलतेस?"

"न्हाई, व्हय म्हना आधी. माझी सून लई टापटिपीची हाय, तुमच्यावानीच. तिला तुमीच आडवू शकता."

"बरं बाई. व्हय."

"बराबर?"

"बराबर."

मला वाटतं, क्षमा मागायची संधी तू मला दुसऱ्या वाटेनं देत होतीस. तोंडानं जमत नाही तर हातानं माग, असं. तू मास्तरीण नव्हतीस, पण अवघड मुलांना सोपा प्रश्न द्यायचं तुला कळत होतं.

*

आणि मग ती सकाळ. नऊ दिवस तू हॉस्पिटलच्या खाटेवर होतीस. केस मागून दबलेले, बाजूंनी फुगलेले, कपाळावर चिकटलेले. तुला घरी आणलं, अंघोळ घातली. पाणी गरम करायचं मी विसरले. तुझी सून बाटली आणि कंगवा घेऊन आली.

"मामी, केस कसेच दिसून राहिले. लोकं येऊन राहिलेत. तुमच्या शाळंचे पण येतील म्हन्ते."

तिच्याकडे बघून 'नको' म्हणायला एक श्वास पुरला असता. मी तुझ्याकडे बघितलं. आणि वच्छला, आता खरं तेच लिहिते. मला तीच शिसारी आली. पन्नास वर्षांपूर्वीची, तीच, जशीच्या तशी. मला वाटलं, लोक येतील, असं कसं दाखवायचं हिला. तू मला दिसलीच नाहीस, मला फक्त पसारा दिसला.

मी म्हणाले, "आण इकडे. तुला नाही जमणार."

कंगवा अडकला की ती पोरगी डोळे मिटत होती. मी ओढत राहिले. या वेळी कुणी म्हणालं नाही, काहून वढून राहिल्या वो. तेवढा एक आवाज आला असता तर माझा हात थांबला असता, असं मी स्वतःला सांगते. तेही बहुधा खोटं आहे. तू जिवंत असताना ओरडायचीस तेव्हा कुठे थांबला होता?

भंतेजी आले, वंदना झाली, लोकांनी फुलं वाहिली. शाळेतल्या एक जुन्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "किती शांत, किती नीट दिसतायत." मला त्यांच्या तोंडावर ओरडावंसं वाटलं. मी म्हणाले, "हो."

कंगव्यात तुझा गुंतवळ राहिला होता. मैत्रेयी, गुंतवळ म्हणजे विंचरताना निघालेल्या केसांचा पुंजका. पूर्वी बायका तो भिंतीच्या फटीत खोचून ठेवायच्या आणि मी तो काडीनं उपसून काढायची, इतका मला त्याचा तिटकारा. त्या दिवशी मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला, टाकायचा म्हणून, आणि पिशवीत ठेवला. घरी येऊन कपाटात ठेवला. टाकला नाही. रोज कपाट उघडलं की मोगरा यायचा, आत ठेवलेल्या इस्त्रीच्या साड्यांनाही लागला. मी कपाट बंद करायची.

आज सकाळी ते पुडकं काढलं. कागद तेलानं पारदर्शक झाला होता. आत करडा, चपटा, मेलेल्या उंदरासारखा गोळा. मी तो हातात घेतला. चिमटीत धरला नाही, हातात घेतला. ओकारी आली, पण आता ती कशाची आहे हे मला कळत होतं.

रिठे रात्रीच भिजत घातले होते. पाणी तापवलं, हाताला सोसेल इतकं. पहिलं पाणी नुसतं वरून गेलं. दुसऱ्याला तेलाचे तवंग सुटले. मी घाई केली नाही, वाटीवर ताटली झाकून ऊब धरली. तिसऱ्या पाण्यात तो गोळा हलला. एकेक केस सैल झाला आणि माझ्या बघता बघता मागे वळला. पुन्हा स्प्रिंग झाला. चौथं पाणी स्वच्छ होतं. मोगरा गेला.

मैत्रेयी, मी तुला फोनवर खोटं बोलले. सुजात, ती कात्रीची गोष्ट पुन्हा कुणाला सांगू नकोस. सांगायचीच असेल तर अशी सांग, की एका शिकलेल्या बाईनं रोज तेल घालून एका मुलीच्या केसांची जट केली, आणि ती मुलगी म्हणत होती, मला एक दिवस द्या.

वच्छला, तुझे केस मी पांढऱ्या पंच्यावर, माझ्या स्वच्छ पंच्यावर, ओसरीत ठेवलेत. तेल लावलं नाही. कंगवा आत आहे. अकरा वाजता ठेवले, आता तीन वाजत आलेत. हात लावून बघितलं, आतून अजून ओलेच आहेत.

बसले आहे मी. वाळू देत.